पानावरची गुपचूप चौकशी

'कळवतो' हा शब्द ज्या कुणी शोधून काढला असेल, त्याला धरून अवसरी खुर्दला आणावं आणि हनुमंतराव रणपिशांच्या पडवीत फोनसमोर बसवावं. म्हणावं, बस आता वाट बघत. आठवड्याभरात शहाणा होईल.

हनुमंतराव बसले होतेच. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, शेजारच्या कुंडलिकचं कांद्याचं रोप लागणीला आलं, पण दापोडीहून फोन काही येईना. दापोडीचे खरात मूळचे लोणीचे, म्हणजे आपल्याच तालुक्यातले. मुलगा रुपेश, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. मंडळी मुलगी बघायला आली, पोहे खाल्ले, चहा घेतला, जय भीम केला आणि गाडीत बसता बसता मुलाचे वडील म्हणाले, "कळवतो."

असं म्हणून गेलेले ह्याआधीही पुष्कळ होते. त्याचं हनुमंतरावांना काही वाटेनासं झालं होतं. पण ह्या खेपेला घोटाळा असा झाला की मुलगा प्रतीक्षालाच पसंत पडला. प्रतीक्षा एम.एस्सी. झालेली, नारायणगावला बियाण्यांच्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला, रोज एस्टीनं जाऊन-येऊन. आजवरच्या मुलांनी तिला विचारलं होतं की स्वयंपाक येतो का, लग्नानंतर नोकरी करणार का, चष्म्याचा नंबर किती. हा रुपेश म्हणाला, "तुम्हालाही काही विचारायचं असेल तर विचारा." तिनं विचारलं, "नोकरी आवडते का तुम्हाला?" मुलानं जरा विचार केला आणि म्हणाला, "पगार आवडतो."

मंडळी गेल्यावर कपबशा विसळता विसळता प्रतीक्षा आईला म्हणाली, "चालेल मला." अंजनाबाईंनी ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग पोरगी पुढं म्हणाली, "आणि हे नाही जमलं, तर आता पुन्हा कुणासाठी पोहे करायचे नाहीत. मला त्या पोह्यांचा वाससुद्धा नको झालाय, आई."

तर असं होतं. पोरीनं पहिल्यांदा 'चालेल' म्हटलेलं, आणि तिकडून चिडीचूप. बरं, मुलीकडच्यांनी उठून फोन करावा तर तेही नाही. आपण विचारलं की आपली गरज दिसते, आणि गरज दिसली की पुढचा माणूस पाय पसरतो. हे सगळ्यांना माहीत आहे, कुणाला पटत नाही आणि पाळतात सगळे.

त्यात अंजनाबाईंचा भाऊ रविंद्र येऊन टपकला. रविंद्र विम्याचा एजंट. माणसाला घाबरवणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदाच आहे, आणि घरात शिरताना तो चपला बाहेर काढतो, धंदा काढत नाही.

"दाजी, मंदी चालूये," तो म्हणाला. "कॉम्प्युटरवाले पोरांना भराभरा काढून टाकतायत. चाकणला एका घरी काय झालं, ऐकलं का? पोराची नोकरी गेलेली, पण गळ्यात कंपनीचा पट्टा. पट्टा बघून मुलगी दिली. लग्नानंतर पोरगा रोज डबा घेऊन निघायचा आन दिवसभर बागेत बसायचा. डबा खायचा, यायचा. बायकोला कळलं कसं? तर माळी सासुरवाडीचा निघाला!"

झालं. हनुमंतरावांची झोप उडाली. फोन येत नाही ही एक काळजी होतीच, आता फोन आला तर काय, ही दुसरी काळजी लागली.

चौकशी करायला पाहिजे होती. आता चौकशीची आपल्याकडे एक रीत आहे. ती गुपचूप करायची असते आणि स्वतः करायची नसते. आपण तिऱ्हाइताला पाठवायचं. तिऱ्हाइतानं त्या गावच्या स्टँडवर उतरायचं, चहा घ्यायचा आणि मूग गिळून बसलेल्या माणसासारखं न बसता इकडचं तिकडचं काढत हळूच विचारायचं की अमक्याचा पोरगा कसा काय हो. एकच माणूस दोनदा पाठवायचा नाही, संशय येतो. पहिल्यांदा शेजारी, दुसऱ्यांदा मेहुणा. हनुमंतरावांच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी बैल बघायच्या निमित्तानं माणूस पाठवला होता, आणि तो खरंच बैल घेऊन गेला.

त्याप्रमाणे कुंडलिक लोणीला जाऊन आला. कुंडलिक शेजारचा बागायतदार. कांदा-बटाटा करतो आणि दुसऱ्याच्या कामात जीव ओततो. "मी गेलो, च्या घेतला, भजी खाल्ली," त्यानं अहवाल दिला. "लोक म्हनले, मानसं लई चांगली, पर पोरगं शाळंत व्हतं तवाच पुण्याला गेलं. आता थितं काय करतंय, आमाला काय ठावं? भजी मात्र झ्याक व्हती, राव."

म्हणजे चौकशी हिंजवडीत करायला हवी. तिथं काचेची इमारत, दारात गणवेशातला रखवालदार, आणि चहाची टपरी इमारतीपासून इतकी लांब की टपरीवाल्याला कुणाचं नाव माहीत नाही. कुंडलिक तिथंही जायला निघाला होता. हनुमंतरावांनी हातापाया पडून थांबवला.

तेव्हा रविंद्रनं तोडगा काढला. "दाजी, नोकरदारांची एक साईट आहे. तिथं प्रत्येकाचं एकेक पान असतं. कुठं शिकला, कुठल्या कंपनीत कधीपासून, सगळं लिहिलेलं. बाहेर पडायला नको, कुणाला विचारायला नको. बसल्या जागी चौकशी!"

हनुमंतरावांना हे एकदम पटलं. ते माध्यमिक विद्यालयात वरिष्ठ लिपिक होते. सगळ्या मास्तरांची सेवापुस्तकं त्यांच्या कपाटात असायची. माणूस कसा आहे हे त्याच्या तोंडावरून कळत नाही, सेवापुस्तकावरून कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि इथं पोरं स्वतःची सेवापुस्तकं स्वतः लिहून जगापुढं उघडी ठेवतात म्हणे! त्यांना जरा धक्काच बसला, पण सोय मोठी होती.

इंजिनिअरिंग कॉलेज आल्यापासून गावात गेणभाऊनं सायबर कॅफे टाकला होता. गेणभाऊचं आधी एसटीडी बूथ होतं, मग झेरॉक्स, मग हे. लोकांना ज्या वेळी ज्याची नड, ते तो विकायचा. त्याच्या दुकानात लाकडी फळ्या ठोकून खुराडी केलेली होती आणि प्रत्येक खुराड्यात एक कॉलेजचं पोरगं कानाला काहीतरी लावून बसलेलं. भारनियमनामुळं दुकान संध्याकाळी वीज आली की उघडायचं आणि वीज गेली की सगळी खुराडी एकदम 'अर्रर्र' म्हणायची.

"बघायचं म्हनलं तर आधी आपलं पान काढाया लागतं, भाऊसाहेब," गेणभाऊ म्हणाला. गावात कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात. हनुमंतरावांना ते आवडायचं.

"माझं कशाला? मला फक्त त्याचं बघायचंय."

"नियम हाये."

नियम म्हटल्यावर हनुमंतरावांचा विरोध संपला. गेणभाऊ विचारत गेला, हे सांगत गेले. हुद्दा? वरिष्ठ लिपिक, कालबद्ध पदोन्नतीसह. साईटवर लिपिकाला जागाच नव्हती. गेणभाऊनं यादीतून 'शिक्षण व्यवस्थापन' निवडलं. "अहो, व्यवस्थापन म्हणजे संस्थाचालक! खोटी नोंद होईल!" हनुमंतराव खुर्चीतून उठले. तेवढ्यात वीज गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी फोटो मागितला. पाकिटातला पासपोर्ट फोटो झेरॉक्सच्या मशीनवर ठेवून काढला, तो इतका काळा आला की पोलिसांना हवा असलेला इसम वाटावा. पण पान झालं. नाव, गाव, हुद्दा, नेमणुकीची तारीख, सगळं बिनचूक.

"त्याला कळणार नाही ना?" हनुमंतरावांनी शेवटचं विचारलं.

"कळतंय कशाला? इंटरनेट हाये ते. अंधारात भित्तीला डोळा लावल्यासारखं. कुनाला कळत न्हाई."

रुपेशचं पान उघडलं. मुलगा फोटोत टाय लावून हसत होता. हनुमंतरावांनी चष्मा पुसला आणि सेवापुस्तक तपासतात तसं खालून वर वाचायला घेतलं. शाळा ठीक. पदवी ठीक. पहिली कंपनी, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. त्याच्या वर दुसरी कंपनी, रुजू झाल्याची तारीख. आणि मधे...

"गेणभाऊ," हनुमंतराव कोरड्या आवाजात म्हणाले, "खंड आहे."

पहिली नोकरी उन्हाळ्यात सुटलेली आणि दुसरी दिवाळी उलटून गेल्यावर धरलेली. मधले पाच महिने कुठंच नाहीत! तुम्हाआम्हाला ह्यात काही वाटायचं नाही. पण ज्यानं जन्मभर मास्तरांच्या सेवाखंडांवर पंचायत समितीपासून पुण्यापर्यंत पत्रव्यवहार केला, त्याला विचारा. एका ड्रॉइंगच्या मास्तरांचं पेन्शन अशाच एका खंडात अडकून मास्तरांच्या आधी म्हातारं झालं होतं. हनुमंतराव घरी आले ते जेवले नाहीत.

"आजारी असंल," अंजनाबाई म्हणाल्या.

"कसला आजार? तेच तर कळायला पाहिजे."

"काढून टाकलं असंल," रविंद्र म्हणाला.

"आत गेला असंल," कुंडलिक म्हणाला. आत म्हणजे कुठं, हे त्यानं सांगितलं नाही, पण सगळ्यांना समजलं.

प्रतीक्षा ताट घेऊन बसली होती. "पप्पा, चालू महिन्यातलं बघा ना. चार वर्षांपूर्वीचं काय करायचंय?" ती म्हणाली. तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. जिचं लग्न असतं तिच्याकडं लक्ष द्यायची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवसापासून हनुमंतराव रोज संध्याकाळी पान बघायला जाऊ लागले. न जाणो, मुलाच्या लक्षात येऊन तो खंड भरून काढायचा. पण रोज आपणच जाणं बरं दिसेना. एकच माणूस सारखा गेला की संशय येतो, हा चौकशीचा पहिला नियम. म्हणून मग रीतीप्रमाणे वेगवेगळी माणसं पाठवायचं ठरलं.

कुंडलिकचं पान निघालं: 'प्रगतशील शेतकरी, कांदा व बटाटा.' त्याची बायको साळुबाई कधी नव्हे ती गेणभाऊच्या दुकानात गेली, तिचंही निघालं. रविंद्रनं पान काढताना साईटनं काहीतरी विचारलं, त्यानं सवयीनं 'होय' दाबलं, आणि त्याच्या सगळ्या विमेदारांना निमंत्रणं गेली. त्यातले दोघं वारलेले होते. त्यांच्या पोरांचे फोन आले की आमच्या वडलांना कशाला बोलावताय. शेवटी अंजनाबाईंना नेलं. साईट हुद्दा लिहिल्याशिवाय पुढं जाईना.

"घरी असते, दुसरं काय," अंजनाबाई म्हणाल्या.

"गृहिणी टाकतो. कधीपासून, वहिनी?"

अंजनाबाईंनी लग्नाचं साल सांगितलं. गेणभाऊनं विचारलं, "आन कुठवर?"

"कुठवर म्हंजे? चालूच हाये की." असं म्हणून त्या जरा ताठ बसल्या. आजवर त्यांना कुणी हुद्दा विचारला नव्हता.

त्यांनी रुपेशचं पान बघितलं आणि निकाल दिला, "वाळलाय पोरगा." गेणभाऊ म्हणाला की फोटो जुना आहे, तर म्हणाल्या, "मग आता आणखीच वाळला असंल."

ही फौज पाळीपाळीनं जायची, खंडावर बोट ठेवायची आणि परत यायची. प्रत्येकाचा सल्ला वेगळा. हनुमंतराव खरोखर थकून गेले होते. शाळेत मास्तरांच्या रजा लिहिताना हात लिहायचा आणि मन त्या पाच महिन्यांत जाऊन बसायचं. प्रतीक्षा रोज सकाळी एस्टीला जाताना उंबऱ्यातून एकदा फोनकडं बघायची. विचारायची काही नाही. तेच त्यांना सोसायचं नाही.

आणि एके संध्याकाळी गेणभाऊ ओरडला, "भाऊसाहेब! तुमचं पान कुनीतरी बघून गेलंय!"

"माझं?"

"हे काय. 'तुमचं पान एका व्यक्तीनं बघितलं.' पुण्याकडचा मानूस दाखवतंय. नाव न्हाई दिसत."

काय सांगावं, हनुमंतराव फुलले! त्यांच्या बदलीची, बढतीची, तब्येतीची आजवर कुणी चौकशी केली नव्हती; झाली होती ती एकदाच, आणि त्यातही बैलाचं काम जास्त होतं. आता पुण्याहून कुणीतरी मुद्दाम त्यांचं पान उघडून बघून गेलं. दुसऱ्या दिवशी ते मंचरला जाऊन कोट घालून नवीन फोटो काढून आले. फोटोवाल्यानं विचारलं, "भाऊ, कशासाठी? पेन्शनचा का?" हनुमंतरावांनी कोटाचं वरचं बटण लावलं.

फोटो चढवायला गेले तर पुन्हा कुणीतरी बघितलेलं, आणि ह्या वेळी नाव होतं. रुपेश खरात, पुणे.

हनुमंतराव जवळजवळ पळत घरी आले. "अगं, ऐकलंस का! मुलगा आपली चौकशी करतोय! माझं पान बघितलं त्यानं. दोनदा! म्हणजे मनात आहे. उगाच कोण बघेल?"

अंजनाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाल्या, "त्यानं तुमचं बघितलं, ते तुमाला कळलं."

"हो ना! साईटच सांगते, नावासकट."

"मंग आपण त्याचं बघतोय ते त्याला कळत नसंल का?"

भाकरी करपली तरी कुणी उलटली नाही.

हनुमंतराव तसेच गेणभाऊकडं गेले. गेणभाऊनं डोकं खाजवलं, खुराड्यातल्या एका पोराला विचारून आला आणि म्हणाला, "व्हय. कळतं म्हने."

"तुम्ही म्हणालात अंधारात भिंतीला डोळा!"

"आता माझा मूळ धंदा झेरॉक्सचा, भाऊसाहेब. मला काय सपान पडतंय?"

म्हणजे गेले कित्येक दिवस तो मुलगा रोज सकाळी बघत होता: हनुमंत रणपिसे, वरिष्ठ लिपिक, अवसरी खुर्द. अंजना रणपिसे, गृहिणी, अवसरी खुर्द. कांदा व बटाटा, अवसरी खुर्द. साळुबाई, अवसरी खुर्द. परत वरिष्ठ लिपिक. गावाकडं चौकशीला माणूस पाठवतो तो नाव न सांगता चहा पिऊन येतो. इथं सगळ्यांनी वाजंत्री लावून, नाव, गाव, हुद्दा ओरडून सांगत चौकशी केली होती. गरज दिसू नये म्हणून साधा फोन न करणाऱ्या हनुमंतरावांनी आपली गरज काळा फोटो चिकटवून रोज त्या मुलाच्या दारात नेऊन टाकली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रतीक्षाचं 'चालेल' आपल्या हातानं मातीत गेलं, असं त्यांना वाटलं. पोरीला तोंड कसं दाखवायचं?

"पानं बंद करून टाका सगळ्यांची," ते म्हणाले. तर बंद करायला पासवर्ड हवेत. साळुबाईचा पासवर्ड साळुबाईला माहीत नव्हता. रविंद्र फोन उचलेना, त्याच्यामागं वारलेल्यांची पोरं लागलेली. कुंडलिक तेवढा तत्परतेनं आला आणि म्हणाला, "बंद कशापायी? मी कालच त्याला दोस्तीचा निरोप धाडलाय."

"काय?"

"मंग? रोज बघायचं आन बोलायचं न्हाई, ह्ये मानुसकीला धरून हाये का, राव? थितं एक बटन व्हतं. कसं वळखता, म्हनून इचारलं साईटनं. संगं शिकलो, संगं नोकरी केली, का संगं धंदा केला. म्या धंद्यावर दाबलं. सोयरीक म्हंजे काय दुसरं असतंय?"

हनुमंतराव तिथंच बाकावर बसले. वीज गेली आणि खुराडी 'अर्रर्र' म्हणाली. अंधारात त्यांना जरा बरं वाटलं.

रविवारी सकाळी ते पडवीत वर्तमानपत्र तोंडापुढं धरून बसले होते. वाचत नव्हते. घरात त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण अंजनाबाईंना माहीत होतं आणि त्यामुळं प्रतीक्षालाही असणार. तेवढ्यात फाट्याकडून एक मुलगा चालत आला, पाठीला सॅक, बुटांवर धूळ. दारात थांबून म्हणाला, "जय भीम, काका."

रुपेश होता. फोटोपेक्षा वाळलेला. अंजनाबाई बरोबर होत्या.

"जय भीम. या. एकटेच?" हनुमंतराव उभे राहिले. त्यांना वाटलं, आला जाब विचारायला. बसवलं, पाणी दिलं. कुंडलिकला न बोलावता कळतंच. तोही येऊन खांबाला टेकून बसला.

"काका, मी घरी सांगून आलोय, पण एकट्यानंच यायचं म्हटलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं," रुपेश म्हणाला. "तुमच्याकडून गेलो आणि पुढच्याच आठवड्यात कंपनीनं आमची सगळी टीम बंद केली. मला आता नोकरी नाही."

आतली भांडी वाजायची थांबली.

"वडील म्हणाले, कळवून टाक काहीतरी. काय कळवू? हो म्हणावं तर फसवणूक. नाही म्हणावं तर..." त्यानं सॅकचा बंद ओढला. "नाही म्हणायचं नव्हतं. म्हणून गप्प राहिलो. ते चुकलंच माझं."

हनुमंतराव खाली बघत म्हणाले, "चुकलं तर आमचंही. आम्ही ते तुमचं पान..."

"हो," रुपेश म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. "काका, नोकरी गेली की माणूस रोज उठून एकच बघतो, आपलं पान कुणी बघितलं का. एखादी कंपनी, एखादा मॅनेजर. फुकटात मोजकीच नावं दिसतात. मला रोज दिसायचं की पुष्कळ लोकांनी बघितलंय. मी म्हटलं, आलं नशीब. होते ते पैसे भरले आणि सगळी नावं उघडली."

"मंग?" कुंडलिक पुढं सरकला.

"सगळं अवसरी खुर्द."

कुंडलिकनं मान खाली घातली. जन्मात पहिल्यांदाच घातली असेल.

"पहिल्या दिवशी राग आला," रुपेश म्हणाला. "मग रोज बघायला लागलो. आज वरिष्ठ लिपिक आले, आज गृहिणी आल्या. एक दिवस कुणीच आलं नाही, तर मला करमेना. म्हटलं, वीज नसेल. खरं सांगतो काका, सगळ्या पुण्यात माझी चौकशी करणारं कुणी नव्हतं. तुम्ही रोज येत होतात. म्हणून आलो. तुम्हाला खरं कळायला पाहिजे. आणि कुंडलिककाका, तुमचा निरोप मी स्वीकारलाय."

"बघा! म्या म्हनलं न्हवतं?" कुंडलिकची मान वर आली.

हनुमंतरावांनी चहा सांगायला तोंड उघडलं. पण सवय फार वाईट. त्यांच्या तोंडून निघून गेलंच, "आणि तो... चार वर्षांपूर्वीचा खंड? पाच महिन्यांचा?"

"तो?" रुपेशनं आठवून बघितलं. "काही नाही. पहिली सोडली आणि दुसरी मिळेना. घरीच होतो. आईला दळण आणून द्यायचो."

एवढंच. ह्या दळणापायी हनुमंतराव उपाशी झोपले होते.

"एक विचारू?" रुपेश म्हणाला. "पैसे भरूनसुद्धा एक नाव मला दिसलं नाही. कुणीतरी नाव झाकून रोज बघतं. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. ती तरी कंपनी असावी अशी मला आशा आहे."

"कंपनी नाहीये ती," दारातून आवाज आला.

प्रतीक्षा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रे तिनं खाली ठेवला. "नाव झाकायची सोय असते, पप्पा. सेटिंगमध्ये. आमच्या लॅबमध्ये सगळ्यांची पानं आहेत. तुम्ही मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"म्हणजे तुला..."

"तुम्ही सगळे खालचा खंड बघत बसलात. सगळ्यात वरची ओळ कुणी बघितलीच नाही. तिथं आधी लिहिलेलं होतं, आजपर्यंत. मग एक दिवस त्यांनी तिथं नोकरी संपल्याची तारीख टाकली. मला तेव्हाच कळलं."

हनुमंतरावांनी तिच्याकडं बघितलं. हयातभर नोंदी तपासलेला माणूस, आणि वरची ओळ सुटली होती. पण त्याचं त्यांना आत्ता काही वाटेना. "आणि तरी बोलली नाहीस?" ते हळू म्हणाले.

"काय बोलायचं? मी 'चालेल' म्हटलं तेव्हा कंपनीला म्हटलं नव्हतं." मग ती रुपेशकडं वळली. "तुम्ही पगार आवडतो म्हणाला होतात. आता तो नाही. माझा आहे तोवर चालवू. काही दिवस दळण आणा."

रुपेशचे कान लाल झाले. तो चहाकडं बघत म्हणाला, "आणीन."

आत अंजनाबाई पदर डोळ्यांना लावत होत्या, आणि पडवीत सगळे हनुमंतरावांकडं बघत होते. बापानं काहीतरी बोलायला पाहिजे होतं. बिननोकरीच्या मुलाला मुलगी द्यायची म्हणजे उद्या रविंद्र बोलणार, भावकी बोलणार, गेणभाऊच्या खुराड्यातली पोरंसुद्धा बोलतील. हनुमंतरावांना चाकणचा तो डबा घेऊन बागेत बसणारा मुलगा आठवला. आणि हा, ज्यानं कुणी न विचारता स्वतःच्या पानावर नोकरी संपल्याची तारीख घातली, अख्खं अवसरी खुर्द बघतंय हे माहीत असताना. ह्याची आणखी कसली चौकशी करायची?

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. घसा साफ केला. आयुष्यात सगळ्यात मोठं जे बोलता येत होतं ते त्यांना एकाच भाषेत येत होतं, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

"सेवेतला खंड," हनुमंतराव म्हणाले, "क्षमापित करता येतो. नियमात तरतूद आहे. मागचाही, आणि हा चालू आहे तोही."

रुपेशला काही कळलं नाही. तो कुंडलिककडं बघायला लागला, कुंडलिक खांबाकडं.

"म्हंजे काय हो?" आतून अंजनाबाईंनी विचारलं. "व्हय का न्हाई, तेवढं सांगा."

हनुमंतराव उठले, आत गेले, फडताळातला साखरेचा डबा काढला आणि तो उघडता येईना म्हणून तसाच पोटाशी धरून बाहेर आले.